ज्येष्ठ चालकासाठी साधा, भरवशाचा सॅटनॅव्ह कसा निवडावा

आई-वडिलांच्या गाडीत सॅटनॅव्ह, म्हणजे उपग्रहांच्या मदतीने रस्ता दाखवणारं यंत्र, बसवायचं ठरलं की बहुतेक जण आधी यंत्रांकडे वळतात. कोणाचा स्क्रीन मोठा, कोणात सोयी जास्त, कोणतं मॉडेल नवं, याची तुलना सुरू होते. मग घरी आलेलं यंत्र थोडे दिवस काचेला लटकतं आणि पुढे डॅशबोर्डच्या कप्प्यात जातं. सोयी भरपूर असल्या म्हणजे यंत्र वापरायला सोपं असतं असं नाही, आणि सत्तरीतल्या चालकाला सोपेपणाच हवा असतो.

यंत्र योग्य आहे का, हे ठरवायला माझ्या मते एकच कसोटी पुरते. चालक गाडीत एकटा असताना, कोणालाही फोन न करता, त्याला ते सुरू करता येतं का? पत्ता देता येतो का? आणि काम झाल्यावर त्याच यंत्राच्या भरवशावर परत घरी येता येतं का? या कसोटीवर न उतरणारं यंत्र कितीही नावाजलेलं असलं तरी घेऊ नका.

पायरी १: दुकानात जाण्याआधी शेजारच्या सीटवर बसा

नेहमीच्या एखाद्या फेरीला त्यांच्याबरोबर जा. सूचना देऊ नका, नुसतं बघा. गाडी कुठे हळू होते? कोणत्या चौकात ते लेन बदलू की नको अशा विचारात पडतात? पाटी वाचायला मान पुढे काढावी लागते का? मग सहज विचारा, "कुठल्या रस्त्याने जायचं हल्ली टाळता?" या एका प्रश्नाच्या उत्तरातून बरंच कळतं. कोणाला जुने रस्ते पाठ असतात, पण नव्या उड्डाणपुलांनी आणि वळणरस्त्यांनी गोंधळ होतो. कोणाला जाताना काहीच अडचण नसते, मात्र परतीला अंधार पडला की खुणा दिसत नाहीत. काहींना फक्त महिन्यातून एकदा दूरच्या दवाखान्यात जायचं असतं. गरज परतीच्या वाटेपुरतीच असेल, तर ठळक "घर" बटण असलेलं साधं यंत्र भरपूर झालं. रोज नव्या पत्त्यांवर जाणाऱ्याला पत्ता टाकण्याची सोय सर्वांत महत्त्वाची ठरते.

आणखी एक गोष्ट नाजूक आहे. न मागता आणून दिलेला सॅटनॅव्ह "तुम्हाला आता रस्ते सापडत नाहीत" असं सांगतो, आणि तो सल मनात राहतो. म्हणून निवड त्यांची असू द्या. दुकानात त्यांना घेऊन जा आणि विक्रेत्याला त्यांच्याशीच बोलायला सांगा. स्वतः निवडलेलं यंत्र माणूस शिकून घेतो.

पायरी २: डोळ्यांची परीक्षा गाडीतच घ्या

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. चाळिशीचा चष्मा साधारण ४० सेंटिमीटरवरचं वाचण्यासाठी असतो. गाडी चालवताना लांबचं दिसण्याचा चष्मा लागतो, किंवा चष्माच लागत नाही. डॅशबोर्डवरचा स्क्रीन मात्र डोळ्यांपासून साठ ते ऐंशी सेंटिमीटरवर असतो, म्हणजे धड जवळही नाही आणि लांबही नाही. वाचनाच्या चष्म्यातून तो अंधूक दिसतो, लांबच्या चष्म्यातूनही अंधूकच दिसतो. दोन भागांच्या भिंगांमध्येही हे मधलं अंतर सुटून जातं. दुकानात हातात धरून "हो, छान दिसतंय" म्हणणारा माणूस गाडीत बसल्यावर डोळे बारीक करतो, त्याचं कारण हेच. म्हणून स्क्रीन बघायचा तो गाडी चालवण्याच्या चष्म्यातून, चालकाच्या सीटवर बसून, हात लांब करून ठेवलेल्या अंतरावरून.

आकाराबद्दल माझं मत स्पष्ट आहे: सहा ते सात इंच. पाच इंचांत अक्षरं दाटतात, आणि सातच्या पुढे गेलं की छोट्या गाडीत समोरचा रस्ता झाकायला लागतो. पण नुसत्या इंचांवर जाऊ नका. मोठ्या स्क्रीनवर बारीक अक्षरं दाखवणारी यंत्रंही असतात. बघायचं ते दोनच गोष्टींसाठी: पुढच्या वळणाचा बाण आणि तिथवरच्या अंतराचा आकडा. बाकी नकाशा धूसर दिसला तरी चालतं.

त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. गाडी उभी असताना यंत्रावर रस्ता सुरू करा, स्क्रीन दोन सेकंद दिसू द्या आणि मग हाताने झाका. "कुठे वळायचं? किती अंतरावर?" असं विचारा. दोन्ही उत्तरं बरोबर आली तर यंत्र पास. दोनच सेकंद का, तर अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये गाडीतल्या उपकरणांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत एका वेळी रस्त्यावरून नजर हटण्याची मर्यादा दोन सेकंदांच्या आसपास धरली आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. स्क्रीन वाचायला चार सेकंद लागले, तर सदुसष्ट मीटर रस्ता न बघता कापला गेला.

उजेडाचाही विचार करा. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर होत जातं. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जितका प्रकाश पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीत पोचतो. त्यामुळे दिवसा स्क्रीन भरपूर उजळ हवा आणि त्याचा पृष्ठभाग शक्यतो चकाकणारा नको. रात्री याच्या उलट होतं. प्रखर उजेडाने दिपलेले डोळे तरुणांइतके लवकर सावरत नाहीत, त्यामुळे काळोखात पांढरा झगझगीत नकाशा धोक्याचा ठरतो. अंधार पडताच यंत्र आपोआप गडद रंगांवर जातं का आणि उजेड खरोखर पुरेसा उतरतो का, हे विकत घेण्याआधी दाखवून घ्या.

पायरी ३: कान आणि बोटं

नीट बोलणारं यंत्र असेल तर स्क्रीनकडे बघायची वेळ फार कमी येते, म्हणून आवाजाला मी स्क्रीनच्या बरोबरीचं महत्त्व देतो. वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज हरवतात. स, श, फ यांसारखी व्यंजनं पुसट होतात आणि "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत" अशी तक्रार सुरू होते. नुसता आवाज वाढवून ती जात नाही. यंत्रात निवडीला अनेक आवाज असतील तर खालच्या पट्टीतला, सावकाश बोलणारा आवाज लावा. गाडीचं इंजिन आणि पंखा चालू ठेवून, काच थोडी खाली करून ऐकवा. चालक श्रवणयंत्र वापरत असेल तर ते लावूनच ऐकवा. ज्या भाषेत माणूस विचार करतो त्या भाषेतली सूचना पटकन डोक्यात शिरते, तेव्हा ती भाषा यंत्रात आहे का तेही बघा. सूचना कधी येते याकडेही लक्ष हवं. आधी लांबून एकदा, मग जवळ आल्यावर आणि शेवटी वळणावर, अशी टप्प्याटप्प्याने बोलणारी यंत्रं चांगली. ऐन वळणावर बोलणारं यंत्र ज्येष्ठांच्या कामाचं नाही.

बोटांची अडचण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आजचे बहुतेक टचस्क्रीन बोटाच्या त्वचेतल्या विद्युत गुणधर्मावर चालतात. उतारवयात त्वचा कोरडी पडते आणि स्पर्श कधी कधी नोंदलाच जात नाही. मग माणूस जोरात दाबतो, पुन्हा दाबतो आणि भलतंच काहीतरी उघडतं. काही यंत्रांचे स्क्रीन दाबावर चालतात. ते थोडे मंद वाटतात, पण कोरड्या बोटांना किंवा हातमोजे घातलेल्या हातांना बरे पडतात. दोन्ही प्रकारांवर त्यांच्याच बोटांनी एक अख्खा पत्ता टाकून बघा. अक्षरांची बटणं अंगठ्याएवढी असावीत. संगणक कधी न वापरलेल्यांना वर्णक्रमाने लावलेला कीबोर्ड सोपा जातो, आणि ही निवड बऱ्याच यंत्रांत असते. तोंडी पत्ता सांगायची सोय असली तर चांगलंच, पण गावांची आणि माणसांची नावं ती नेहमी ओळखेल असं धरून चालू नका.

पायरी ४: स्वतंत्र यंत्र, फोन की गाडीतलाच स्क्रीन?

गार्मिन, टॉमटॉम यांसारख्या कंपन्यांची स्वतंत्र यंत्रं नकाशा स्वतःच्या पोटातच ठेवतात. उपग्रहांचे संकेत मोफत असतात. रस्ता शोधायला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही, फोन वाजून नकाशा झाकला जात नाही, आणि आज जिथे असलेलं बटण पुढची कित्येक वर्षं तिथेच राहतं. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण सवय झालेल्या हाताला बटण शोधावं लागत नाही. उणीव अशी की वाहतूक कोंडीची ताजी माहिती हवी असेल तर फोन जोडावा लागतो किंवा वेगळा रिसीव्हर लागतो, आणि नकाशे आठवणीने अद्ययावत करावे लागतात.

फोनवरचे गूगल मॅप्ससारखे नकाशे ताजे असतात आणि कोंडीही दाखवतात. पण त्याच स्क्रीनवर कॉल येतात, संदेश येतात, बॅटरी उतरते, आणि एखाद्या अपडेटनंतर ॲपचं रूपच बदलतं. उन्हात काचेजवळ ठेवलेला फोन तापतो. ॲपल आपल्या आयफोनसाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमान योग्य मानते, आणि बंद गाडीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. नेटवर्क नसलेल्या भागात जायचं असेल तर त्या भागाचा नकाशा आधीच उतरवून ठेवावा लागतो.

गाडीत बसवलेला स्क्रीन मोठा आणि पक्का असतो. मात्र पत्ता टाकायची जागा अनेकदा मेनूत खोलवर असते. आयफोनच्या कारप्ले किंवा अँड्रॉइड फोनच्या अँड्रॉइड ऑटो या सोयीने फोनचा नकाशा त्या स्क्रीनवर आणता येतो. केबल जोडायची सवय असणाऱ्याला ही उत्तम सोय आहे.

माझा सल्ला असा: चालक स्वतःहून रोज फोनवर नकाशा, संदेश, व्हिडिओ कॉल वापरत असेल, तर फोन आणि मजबूत होल्डर पुरे. फोन फक्त बोलण्यापुरता असेल, तर स्वतंत्र यंत्रच घ्या. गाडीसाठी म्हणून नवा स्मार्टफोन शिकवायला जाऊ नका. एका वेळी दोन गोष्टी शिकाव्या लागतात आणि दोन्ही अर्धवट राहतात.

पायरी ५: विकत घेताना

विक्रेत्याला हात लावू न देता तीन कामं चालकाकडून करून घ्या: यंत्र सुरू करणं, पत्ता टाकून रस्ता सुरू करणं, आणि चालू असलेला रस्ता थांबवून "घर" निवडणं. एकदा दाखवल्यावर दुसऱ्या खेपेला मदतीशिवाय जमलं, तर यंत्र मनाजोगतं आहे.

मग विचारा: नकाशांचे अपडेट किती काळ मिळणार आणि त्यांचे पैसे पडतात का? अपडेट थेट वायफायवरून होतो की संगणक लागतो? घरात संगणक नसेल तर वायफायचंच यंत्र घ्या. चौकात कोणत्या लेनमध्ये राहायचं हे चित्राने दाखवण्याची सोय जरूर घ्या, कारण मोठ्या रस्त्यांवर गोंधळ वळणापेक्षा लेनचाच होतो. जीपीएसबरोबर ग्लोनास, गॅलिलिओ अशा इतर उपग्रहमालांचे संकेत घेणारं यंत्र उंच इमारतींमध्ये जास्त टिकाव धरतं. जवळची हॉटेलं सुचवणं, संदेश वाचून दाखवणं, आवाजी गप्पा यांच्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

जुनं यंत्र घेत असाल तर ते उघड्या आकाशाखाली सुरू करून आधी तारीख बघा. जीपीएसच्या मूळ संकेतात आठवड्यांचा आकडा १०२४ पर्यंतच मोजला जातो आणि मग शून्यावर येतो. असं एप्रिल २०१९ मध्ये झालं होतं, आणि पुढचं २०३८ च्या नोव्हेंबरात येईल. सुधारणा न मिळालेली काही जुनी यंत्रं तेव्हापासून चुकीची तारीख दाखवतात, आणि पोचण्याच्या वेळेचा हिशोबही बिघडतो. असं यंत्र फुकट मिळालं तरी नको.

पायरी ६: बसवणं

जागा अशी हवी की नजर रस्त्यावरून थोडीशी खाली येताच बाण दिसेल, पण रस्त्याचा एकही तुकडा झाकला जाणार नाही. एअरबॅग उघडण्याच्या जागेवर काहीही लावू नका. पुढच्या काचेला वस्तू चिकटवायला काही देशांत मनाई आहे, तेव्हा स्थानिक नियम बघा. रबरी चूषकाचा होल्डर लावण्याआधी काच स्पिरिटने पुसून कोरडी करा. उन्हाने तो सुटत राहिला, तर डॅशबोर्डवर ठेवायचं वजनदार बैठकीचं स्टँड मिळतं.

स्वतंत्र यंत्रातली बॅटरी लहान असते, तिच्यावर लांबचा प्रवास होत नाही. गाडीच्या सॉकेटमधून वीज देणारी, यंत्राबरोबर आलेलीच केबल वापरा. दुसरी डेटा केबल लावली की काही यंत्रं संगणकाला जोडल्यासारखी वागतात आणि नकाशा दाखवतच नाहीत. "यंत्र बिघडलं" म्हणून होणाऱ्या तक्रारींपैकी काहींमागे निव्वळ हेच असतं. केबल गिअर आणि पेडलपासून लांबून न्या. किल्ली काढल्यावरही सॉकेटमध्ये वीज राहते का ते बघा. राहत असेल, तर उतरताना यंत्र बंद करायची सवय लावावी लागेल. काही गाड्यांच्या काचेत धातूचा पातळ थर असतो आणि उपग्रहांचा संकेत अडतो. अशा वेळी आरशाजवळचा थर नसलेला भाग शोधा.

पायरी ७: एकदाच नीट सेट करून द्या

यंत्र हाती देण्याआधी एक निवांत दुपार काढा. घर, मुलांची घरं, दवाखाना, बँक, जवळचे नातेवाईक असे पत्ते साठवा आणि त्यांना घरात जी नावं वापरता तीच द्या: "सुमाताई", "डोळ्यांचे डॉक्टर". यादी लहान ठेवा, एका स्क्रीनवर मावेल एवढीच. "घर" नेमकं फाटकापाशी उभं राहून साठवा.

मग अनावश्यक गोष्टी बंद करा: जाहिरातवजा सूचना, दुकानांची चिन्हं, फोनचे संदेश, वेगाशिवाय इतर इशाऱ्यांचे आवाज. कच्चे रस्ते टाळण्याचा पर्याय चालू करा. "सर्वांत जवळचा रस्ता" ही निवड शक्यतो नको, तिच्यापायी यंत्र अरुंद गल्ल्यांत शिरवतं. चार मिनिटं जास्त लागली तरी रुंद रस्ता बरा. नकाशा गाडीच्या दिशेने फिरता ठेवायचा की उत्तर वर ठेवून, हे त्यांना दोन्ही दाखवून त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. कागदी नकाशावर वाढलेल्या काहींना स्थिर नकाशाच कळतो.

पायरी ८: ओळखीच्या रस्त्यावर सराव

पहिल्या फेऱ्या पाठ असलेल्या रस्त्यांवरच करा. रस्ता माहीत असला की यंत्र केव्हा बोलतं, "दोनशे मीटर" म्हणजे प्रत्यक्षात किती, हे शांतपणे कळतं. मग एका वळणावर मुद्दाम चुकीकडे जायला सांगा. यंत्र ओरडत नाही, नवा रस्ता काढतं, हे एकदा अनुभवलं की वळण हुकल्यावर घाबरून ब्रेक दाबणं किंवा गाडी मागे घेणं थांबतं. त्यांना एवढं पक्कं सांगा: वळण चुकलं तर सरळ जात राहायचं.

सुरुवातीच्या संथपणाचं कारणही समजावून द्या. यंत्राला जागा ठरवायला किमान चार उपग्रह लागतात, आणि प्रत्येक उपग्रहाच्या कक्षेची ताजी माहिती ३० सेकंदांच्या चक्राने येते. ती माहिती काही तासांत जुनी होते. बरेच दिवस बंद असलेल्या यंत्राला मिनिटभर किंवा जास्तही वेळ लागू शकतो. तोवर पट्टा लावा, आरसे बघा, पत्ता निवडा. पत्ता नेहमी गाडी उभी असतानाच.

निघण्याआधी स्क्रीनवरचं एकूण अंतर वाचायची सवय लावा. पंधरा किलोमीटरच्या ठिकाणाला यंत्र तीनशे दाखवत असेल, तर त्याच नावाचं दुसरं गाव निवडलं गेलं आहे. भरकटण्याची सर्वांत मोठी चूक या एका नजरेत पकडता येते.

यंत्र कुठे चुकतं हेही त्यांना माहीत हवं. उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता नकाशावर एकावर एक येतात आणि गाडी वर आहे की खाली हे यंत्राला अनेकदा कळत नाही. बोगद्यात संकेत तुटतो. उंच इमारतींवर आपटून आलेल्या संकेतांमुळे गाडी शेजारच्या रस्त्यावर दिसते. रस्त्यावरची पाटी, पोलिसाचा हात किंवा अडथळा यंत्राच्या विरुद्ध सांगत असेल, तर यंत्राचं ऐकायचं नाही. गोंधळ झालाच, तर सुरक्षित जागी थांबून मगच स्क्रीन बघायचा. महत्त्वाचे पत्ते आणि फोन क्रमांक ठळक अक्षरांत लिहिलेला कागद गाडीत ठेवा.

एक गोष्ट मात्र कोणत्याही यंत्राने सुटणारी नाही. वर्षानुवर्षांच्या, रोजच्या रस्त्यावर वाट चुकायला लागली, घराजवळचा चौक अनोळखी वाटला, किंवा यंत्राची साधी सूचना ऐकूनही उलट दिशेला वळण घेतलं गेलं, तर डॉक्टरांना दाखवा. तिथे सॅटनॅव्ह लावून प्रश्न झाकला जातो, आणि उपचाराचा वेळ निघून जातो.

पायरी ९: महिन्याभराने आणि पुढे

महिना झाला की पुन्हा शेजारी बसा. कोणतं बटण वापरलंच जात नाही, कोणतं नाव यादीत शोधावं लागतं, आवाज अजून पुरतो का, ते बघा आणि तेवढं बदला. बाकीचं आहे तिथेच राहू द्या.

अपडेटची जबाबदारी घरातल्या एका ठरावीक माणसाकडे द्या आणि वर्षातून दोन वेळा ठरवून टाका. नकाशाच्या फाइल मोठ्या असतात, काही तास लागू शकतात. यंत्र घरात आणून, विजेला जोडून, रात्रभर ठेवलेलं बरं. मध्येच केबल काढू नका. अपडेट झाल्यावर भाषा, आवाजाची पट्टी, रात्रीचा रंग आणि "घर" जसेच्या तसे आहेत ना, हे गाडीत बसून तपासा, आणि काही बदललं असेल तर यंत्र त्यांच्या हातात देण्याआधी पूर्ववत करा.